शाई वाळणं आणि शाई पिकणं

(वाचनालयाच्या सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, आजचा विषय छापील इलेक्ट्रॉनिक्स, म्हणजे शाईने छापलेली विजेची मंडलं. बोलायला लागण्याआधी एक वस्तू फिरवायला देतो. सोबत भिंग आहे, तेही पुढे सरकवा. ही साखर तपासायची पट्टी. घाबरू नका, न वापरलेली आहे. सभागृहातल्या निम्म्या लोकांच्या घरी हिची डबी फ्रिजशेजारी ठेवलेली असणार. आयसीएमआरच्या 2023 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात मधुमेहाचे 10 कोटींहून जास्त रुग्ण आहेत, त्यामुळे मी हा अंदाज बेधडक करतो.

भिंगातून टोकाकडे बघा. काळ्या रेघा दिसतील. त्या पेन्सिलीने ओढल्यासारख्या वाटतात, पण कार्बनच्या शाईने छापलेल्या आहेत. काही कंपन्या सोन्याचा किंवा पॅलेडियमचा पातळ थर देऊन तो लेझरने कोरतात. ही मात्र छापलेली आहे, आणि ज्या पद्धतीने लग्नपत्रिकेवर सोनेरी गणपती छापतात त्याच पद्धतीने: ताणलेली जाळी, वरून शाई, आणि ती दाबून ओढायला रबराची पट्टी, म्हणजे स्क्वीजी. रक्ताचा थेंब टोकाला लावला की तो आपोआप आत ओढला जातो. तिथे एक एन्झाइम वाळवून ठेवलेलं असतं. ते ग्लुकोजकडून इलेक्ट्रॉन काढून घेतं, एक मध्यस्थ रसायन ते इलेक्ट्रॉन काळ्या रेघेपर्यंत पोचवतं, आणि यंत्र ती काही मायक्रोअँपिअरची वीज मोजून तुम्हाला आकडा दाखवतं. 1987 साली खिशात मावणारं, पेनसारखं असं पहिलं यंत्र बाजारात आलं. त्यामागे इंग्लंडमधल्या ऑक्सफर्ड आणि क्रॅनफिल्डच्या संशोधकांचं काम होतं. तेव्हापासून या पट्ट्या रद्दीच्या भावाने छापल्या जातायत म्हटलं तरी चालेल. रद्दीच्या भावाने विकल्या मात्र जात नाहीत, हे तुम्ही मला सांगाल.

छापील इलेक्ट्रॉनिक्स म्हटलं की लोक मला गुंडाळी होणाऱ्या टीव्हीबद्दल विचारतात. मी त्यांच्या हातात ही पट्टी देतो. जगातलं सगळ्यात यशस्वी छापील इलेक्ट्रॉनिक्स हेच, आणि त्याला कुणी त्या नावाने ओळखतही नाही. गाडीच्या मागच्या काचेवरच्या, धुकं घालवणाऱ्या तांबूस रेघा छापलेल्या असतात. गच्चीवरच्या सोलर पॅनलवर केसासारख्या चंदेरी रेघा दिसतात, त्याही चांदीच्या शाईने जाळीतून छापलेल्या. मायक्रोवेव्हचं बटणांचं पॅनल घ्या, आत पॉलिएस्टरच्या दोन फिल्म आणि त्यांवर चांदीच्या रेघा.

या पॅनलपाशी थोडा थांबतो, कारण माझी पहिली नोकरी तिथलीच.

माझ्या वडिलांचा सांगलीत स्क्रीन प्रिंटिंगचा छोटा धंदा होता. लग्नसराईत घरभर पत्रिका वाळत घातलेल्या असायच्या, जेवायला बसायची जागा नसायची. मी रसायनशास्त्र शिकलो आणि पुण्याजवळच्या एमआयडीसीत मेम्ब्रेन स्विच, म्हणजे फिल्मची अशीच दाबायची बटणं, बनवणाऱ्या एका कारखान्यात लागलो. वडिलांना वाटलं पोरगा इलेक्ट्रॉनिक्समध्ये गेला. प्रत्यक्षात मी तेच करत होतो, फक्त शाई चांदीची होती आणि किलोचा भाव ऐकून हात थरथरायचा.

तिथे एक जुने मामा होते, शिक्षण आठवीपर्यंतचं. त्यांनी मला पहिल्या आठवड्यात सांगितलं, “साहेब, शाई वाळली म्हणजे पिकली असं नाही.” त्याचा अर्थ कळायला मला दोन वर्षं लागली. चांदीच्या शाईत चांदीचे चपटे कण असतात, त्यांना धरून ठेवणारं राळेसारखं काहीतरी असतं आणि द्रावक असतो. द्रावक उडून गेला की बोटाला लागत नाही, म्हणून आपण म्हणतो वाळली. पण कण अजून एकमेकांना नीट टेकलेले नसतात. ओव्हनमध्ये राळ आकसते, कण एकमेकांवर दाबले जातात, आणि मग मीटरवरचा ओम, म्हणजे विजेला होणारा विरोध, एकदम खाली येतो. मामा मीटर लावायच्या आधी रेघेवर नख फिरवून सांगायचे, कच्ची आहे. बहुतेक वेळा बरोबर असायचे.

हल्ली नॅनो शाया आल्यात. त्यांत गंमत आणखी पुढची आहे. चांदी वितळते 962 अंश सेल्सिअसला, आणि पॉलिएस्टरची फिल्म दीडशेच्या पुढे आकसायला लागते. मग फिल्मवर चांदी एकजीव करायची कशी? तर कण मीटरच्या काही अब्जांश भागाएवढे केले की ते 120 ते 150 अंशांतच एकमेकांना चिकटतात, न वितळता. भिजलेल्या साबुदाण्याला नुसती वाफ लागली की दाणे विरघळत नाहीत, पण गोळा होतो ना, तसं. फक्त उपासाच्या दिवशी ते आपल्याला नको असतं आणि इथे हवं असतं.

तर त्या कारखान्यात माझ्या दुसऱ्या पावसाळ्यात एक प्रकरण झालं. एका धुलाई यंत्राच्या कंपनीला आम्ही पॅनल दिली होती. जुलैमध्ये तक्रारी सुरू झाल्या, सगळ्या किनारपट्टीवरच्या. यंत्रं रात्री आपोआप सुरू होत होती. रत्नागिरीकडच्या एका विक्रेत्याने कळवलं की गिऱ्हाईक म्हणतंय घरात काहीतरी आहे, शांत करून घ्यावं लागेल. आम्ही पॅनल उघडून सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. दोन रेघांच्या मधल्या मोकळ्या जागेत चांदीची झुडपं उगवली होती, नेच्याच्या पानांसारखी, फांदीला फांदी फुटलेली. मी आजवर पाहिलेल्या सुंदर गोष्टींपैकी ती एक, आणि तिच्यापायी आमचा दिवाळीचा बोनस गेला.

हे घडतं असं. हवेतल्या दमटपणाने फिल्मवर पाण्याचा न दिसणारा थर बसतो. शेजारशेजारच्या दोन रेघांमध्ये विजेचा दाब असतो. धन बाजूच्या रेघेतली चांदी आयन होऊन त्या पाण्यात उतरते, ऋण बाजूला जाऊन परत धातू होते, आणि तिथून झुडूप उलट दिशेने वाढत येतं. दुसऱ्या रेघेला टेकलं की यंत्राला वाटतं कुणीतरी बटण दाबलं. उपाय साधा निघाला. चांदीवर कार्बनच्या शाईचा एक हात मारायचा, रेघांमधलं अंतर वाढवायचं, आणि वरून विद्युतरोधक लेप द्यायचा. मामा म्हणाले, चांदीला काजळ लावा, दृष्ट लागणार नाही.

तांबं का नाही वापरत, असं आता कुणीतरी विचारेल. स्वस्त आहे म्हणून सगळे त्याच्या मागे आहेत. पण कण बारीक केले की तांबं हवेत गंजतं आणि त्याच्या ऑक्साइडमधून वीज नीट जात नाही. चांदीचं एवढं नाही. म्हणून भाव कितीही चढला तरी बहुतेक सोलरवाले चांदीच छापतात आणि रेघ दरवर्षी थोडी बारीक करत जातात.

आता मूळ विषयाकडे वळतो. छापील, लवचीक आणि सेंद्रिय ही तीन विशेषणं नेहमी एकत्र येतात, आणि सगळा गोंधळ तिथे सुरू होतो. त्यातही ‘सेंद्रिय’ म्हटलं की आपल्याकडे लोक गूळ आठवतात. एका कार्यक्रमानंतर एका गृहस्थांनी मला गांडूळखताबद्दल विचारलं होतं. इथे सेंद्रिय म्हणजे फक्त कार्बनच्या रेणूंचं, धातूचं किंवा सिलिकॉनचं नव्हे. आणि या तीन गोष्टी एकमेकींवर अवलंबून नाहीत. तुमच्या फोनचा ओएलईडी पडदा, म्हणजे वीज दिली की स्वतःच उजळणाऱ्या रेणूंचा पडदा, सेंद्रिय आहे, पण छापलेला नाही. तो निर्वात कोठीत रेणूंची वाफ करून, बारीक छिद्रांच्या धातूच्या पत्र्यातून जमवतात. 2021 साली चिपचे आराखडे करणाऱ्या ‘आर्म’ कंपनीने लवचीक चिप बनवणाऱ्या ‘प्रॅगमॅटिक’बरोबर प्लॅस्टिकवर 32 बिटांचा प्रोसेसर बनवून दाखवला. तो लवचीक आहे, पण त्यातले ट्रान्झिस्टर धातूच्या ऑक्साइडचे आहेत, आणि ते छापलेले नसून चिपसारखेच प्रकाशाने कोरून काढलेले आहेत. वेग 29 किलोहर्ट्झ. तुमचा फोन त्याच्या साधारण लाखपट वेगाने चालतो. आणि ही पट्टी छापलेली आहे, पण तिला कुणी वाकवत नाही.

तिन्ही एकाच वस्तूत आणायच्या हे स्वप्न मात्र जुनं आहे, आणि त्याची सुरुवात एका चुकीतून झाली. 1967च्या सुमारास टोक्योत हिदेकी शिराकावा यांच्या प्रयोगशाळेत एक पाहुणा संशोधक पॉलिअ‍ॅसिटिलीन बनवत होता. हे एक प्रकारचं प्लॅस्टिक, एरवी त्याची काळी भुकटी मिळायची. त्याने उत्प्रेरक हजारपट जास्त घातला, ‘मिलि’चा घोळ झाला असं म्हणतात. भांड्यात चकाकणारी चंदेरी कातडी तयार झाली, दुधावर साय धरावी तशी. दुसऱ्या कुणी भांडं धुवायला टाकलं असतं. शिराकावांनी ती साय जपली. पुढे अ‍ॅलन मॅकडिअर्मिड टोक्योला आले असताना कॉफीच्या सुट्टीत ही गोष्ट निघाली, त्यांनी शिराकावांना फिलाडेल्फियाला बोलावलं, तिथे अ‍ॅलन हीगर हे भौतिकीवाले होते. तिघांनी त्या फिल्मला आयोडिनची वाफ दिली, आणि वीज वाहण्याची क्षमता एक कोटी पटीने वाढली. ते साल 1977. त्यासाठी 2000 सालचं रसायनशास्त्राचं नोबेल तिघांना मिळालं.

आयोडिन काय करतं? गच्च भरलेली एसटी डोळ्यांसमोर आणा. सगळ्या सीटवर माणसं. कुणी हलूच शकत नाही, सगळे असूनही वाहतूक शून्य. आता मधल्या थांब्यावर एक जण उतरला. शेजारचा खिडकीकडे सरकला, त्याच्या जागी मागचा आला, त्याच्या मागचा त्याच्या जागी. रिकामी सीट गाडीभर फिरते. आयोडिन रेणूंच्या साखळीतले काही इलेक्ट्रॉन उतरवून घेतं, बाकीच्यांना हलायला जागा होते. इतकंच आहे.

पुढे 1987 साली अमेरिकेत कोडॅकच्या चिंग तांग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी सेंद्रिय रेणूंचे दोन पातळ थर एकावर एक ठेवून, 10 व्होल्टच्या आत, हिरवा प्रकाश पाडला. 1990 साली केंब्रिजमध्ये बरोज, ब्रॅडली, फ्रेंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेच पॉलिमरमधून केलं. पॉलिमर म्हणजे रेणूंच्या लांब साखळ्यांचा पदार्थ, आणि असे काही पदार्थ विरघळवून त्यांची शाई करता येते, म्हणून छापखान्यातल्या माणसांचे कान तेव्हा टवकारले. माझेही.

पण सेंद्रिय पदार्थांची एक खोड आहे. ते सादळतात. पावसाळ्यात डबा उघडा राहिला की पापडाचं काय होतं ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको. ओएलईडीचं तसंच. पाण्याचा अंश आत गेला की पडद्यावर काळे ठिपके पडतात आणि ते वाढत जातात. त्याला गुंडाळायला जो लेप लागतो त्यातून एका चौरस मीटरमागे दिवसाला ग्रॅमचा दहा लाखावा भाग एवढीच वाफ जाऊ शकते. बिस्किटाच्या पुड्याला याच्या लाखो पट सूट असते. काचेत बंद केलं की प्रश्न सुटतो, पण काच आली की लवचीकपणा गेला. प्लॅस्टिक आणि काचेसारख्या पदार्थाचे थर आलटून पालटून चढवून मार्ग काढला गेला. आजचे घडीचे फोन त्यावर उभे आहेत, आणि त्या लेपाचा खर्च त्यांच्या किमतीत आहे.

मधे एक काळं पान येऊन गेलं, ते वगळणं बरं नाही. 2000 ते 2002 या काळात अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या नामवंत संशोधनसंस्थेतला यान हेंड्रिक श्योन हा तरुण सेंद्रिय स्फटिकांतून एकापाठोपाठ एक चमत्कार दाखवत होता: लेझर, अतिवाहकता, एका रेणूचा ट्रान्झिस्टर. आठवड्या-दोन आठवड्याला शोधनिबंध यायचा. जगभरच्या प्रयोगशाळा ते परत करून बघत होत्या आणि कुणाला जमत नव्हतं. पकडला गेला तो एका बारीक थरथरीमुळे. मोजमापात सिग्नलवर जी बारीक थरथर असते ती प्रत्येक वेळी वेगळीच येते, पावसाच्या आवाजासारखी. त्याच्या वेगवेगळ्या प्रयोगांच्या आलेखांत तीच थरथर, ठिपक्याला ठिपका जुळणारी, सापडली. चौकशीसाठी नेमलेल्या माल्कम बीझली यांच्या समितीने सप्टेंबर 2002मध्ये 24 आरोपांपैकी 16 आरोपांत गैरप्रकार मान्य केला. तोवर किती विद्यार्थ्यांनी त्या निबंधांच्या मागे आपली वर्षं घालवली असतील! मी नाव घेऊन बोलतो कारण हे सगळं जाहीर आहे. आणि खरं सांगायचं तर आमच्या शॉप फ्लोअरवरच्या मामांना त्याचे आकडे दाखवले असते तर ते म्हणाले असते, इतकं सारखं कधीच येत नाही साहेब.

कारण छपाईत सारखं येणं हीच सगळ्यात अवघड गोष्ट आहे. पत्रिकेत एखाद्या अक्षरावर पांढरा ठिपका राहिला तर लग्न थांबत नाही. सर्किटमध्ये तोच ठिपका म्हणजे तुटलेली तार. एका फुल एचडी पडद्यावर 20,73,600 चौकटी, प्रत्येकीत तीन रंग, म्हणजे 62 लाखांवर खळगे. इंकजेटने प्रत्येकात मोजके थेंब टाकायचे, एक थेंब म्हणजे लिटरच्या अब्जांशाच्याही शंभराव्या भागाहून कमी, आणि एका ओळीतल्या नोझलने किंचित कमी सोडलं तरी पडद्यावर पट्टा दिसतो. आपला डोळा फार खडूस आहे.

त्यात चहाच्या डागाची भानगड. टेबलावर चहाचा थेंब वाळला की मधे फिकट आणि कडेला गडद कडं राहतं. कडेचं पाणी लवकर उडतं, थेंबाची कड जागेवर चिकटलेली असते, म्हणून मधलं पाणी कडेकडे धावतं आणि कण सोबत नेतं. 1997 साली शिकागोच्या संशोधकांनी याचं कोडं सोडवलं. छापलेल्या प्रत्येक थेंबात हेच होतं. मधे थर पातळ, कडेला बांध. त्यावर तोड म्हणून दोन वेगवेगळ्या वेगाने उडणारे द्रावक मिसळतात, म्हणजे पृष्ठभागावर उलटा ओढा तयार होतो आणि कण परत आत येतात. हे मिश्रण जमवण्यात माझी सहा वर्षं गेली. घरी चहा सांडला की बायको पुसायच्या आधी मला विचारते, बघायचंय का.

जपानमध्ये ‘जेओएलईडी’ ही कंपनी 2015 साली नेमक्या याच कामासाठी निघाली, सोनी आणि पॅनासॉनिकचे विभाग एकत्र करून. त्यांनी छापलेले ओएलईडी मॉनिटर खरोखर विकले. मार्च 2023मध्ये दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. त्याआधी अमेरिकेत ‘कोनार्का’. नाव आपल्या कोणार्कच्या सूर्यमंदिरावरून, संस्थापकांत नोबेलवाले हीगर, आणि काम सोलर सेल वर्तमानपत्रासारखे गुंडाळीवर छापण्याचं. 2012 साली तीही बुडाली. लोक म्हणतात तंत्र कच्चं होतं. होतंच. पण त्याच वर्षांत सिलिकॉनच्या पॅनलचे भाव इतके कोसळले की पक्कं असतं तरी टिकाव लागला नसता. सिलिकॉनच्या अंगणात जाऊन त्याच्याशीच कुस्ती धरायची, ही या विद्येची जुनी चूक आहे असं माझं मत. साखरेच्या पट्टीने कुणाशी कुस्ती धरली नाही. तिच्यापुढे रक्त लावून पट्टीचा बदललेला रंग बघण्याची पद्धत होती, आणि तिला हरवणं सोपं होतं.

लवचीकतेबद्दल थोडक्यात. वाकणं हा पदार्थापेक्षा जाडीचा गुण जास्त आहे. जाडी भागिले वळणाच्या त्रिज्येची दुप्पट, एवढा ताण बाहेरच्या पृष्ठभागावर येतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग; 100 मायक्रॉनची फिल्म 5 मिलिमीटरच्या त्रिज्येत वाकवली तर 1 टक्का. ठिसूळ थर तिथेच तडकतात. तीच फिल्म 1 मायक्रॉनची केली तर ताण शंभरावा भाग. 2013 साली टोक्योत ताकाओ सोमेया यांच्या गटाने खरोखर 1 मायक्रॉनच्या प्लॅस्टिकवर सर्किट बनवलं, वजन चौरस मीटरला 3 ग्रॅम. मी छापखान्याचा माणूस, मला जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला किती ग्रॅम, ते चटकन कळतं. वर्तमानपत्राचा कागद साधारण 45 जीएसएमचा असतो. ते सर्किट त्यांनी चुरगाळून दाखवलं आणि चालू होतं.

आपल्याकडे आयआयटी कानपूरला लवचीक इलेक्ट्रॉनिक्सचं राष्ट्रीय केंद्र आहे, पुण्यात एनसीएलमध्ये सेंद्रिय सौरघटांवर काम झालंय. ज्यांची मुलं रसायनशास्त्र घेऊन ‘पुढे काय’ विचारतायत त्यांनी ही नावं लिहून घ्या.

आता ही दुसरी वस्तू, पत्रिका. पुतणीच्या लग्नाची. वडिलांची जुनी जाळी काढली आणि मी ठरवलं की पत्रिका उघडली की समईची ज्योत लागली पाहिजे. आत नाण्याएवढा 3 व्होल्टचा सेल, एक लाल एलईडी, आणि मधे चांदीची रेघ, घडीवरून गेलेली. पहिल्या पंचवीस छापल्या, सगळ्या लागल्या. नातेवाइकांत वाटल्या. चार दिवसांत फोन, काका, समई विझली. कशी नाही विझणार, प्रत्येक घरात ती चाळीस वेळा उघडून बघितली होती. घडी म्हणजे शून्य त्रिज्या. वर सांगितलेलं गणित मलाच लागू होतं आणि मी ते विसरलो होतो. शाई बदलून बघितली, रेघ नागमोडी केली, घडीच्या आतल्या बाजूला नेली. सत्तर वेळा टिकली, एकदा शंभर.

शेवटी घडी ओलांडायचं सोडून दिलं. सेल, रेघ, एलईडी सगळं उजव्या पानावर आणलं आणि गणपतीच्या पायाशी मेम्ब्रेनचं बटण छापलं, तीस वर्षांपूर्वी धुलाई यंत्राला छापायचो तसंच. चांदीवर काजळही लावलंय. हे घ्या, पहिल्या रांगेत द्या. पावलांवर अंगठा दाबा. लागली? मागे जाऊ द्या. पट्टी आणि भिंग मात्र परत येऊ दे, भिंग वाचनालयाचं आहे.